कधी लागते, कधी नाही

बाबा, मुलुंडच्या काकूंची गाडी एकदाची कळली. या काकू तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली आणि त्यांना गाडी शिकून जेमतेम दीड वर्ष. पण गाडीचं दुखणं तुमच्या ओळखीचं आहे. कधी लागते, कधी लागत नाही. साकीनाक्याच्या तुमच्या गॅरेजच्या गाळ्यात अशी गाडी आली की तुम्ही हातातला चहा खाली ठेवायचात. साफ बंद पडलेली गाडी तुम्हाला सोपी वाटायची, तिच्याकडे तुम्ही चहा पीत पीत बघायचात. मधूनच रुसणाऱ्या गाडीशी मात्र तुम्ही जरा अदबीने वागायचात. आधी तिच्याभोवती एक फेरी, मग मालकाला प्रश्न. केव्हा बंद पडली, उभी करून किती वेळ झाला होता, ऊन होतं का, चालवत कोण होतं. मला ते प्रश्न म्हणजे टाइमपास वाटायचा. मला वाटायचं, बॉनेट उघडा ना यार, प्रश्न कसले विचारताय. हे मी तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण आईला मी अगं-तुगं करते आणि तुम्हाला अहो-जाहो, आणि अहो-जाहोमध्ये तसलं बोलता येत नाही.

मी सध्या काय करते ते आधी सांगायला हवं. मधल्या वर्षांत बरंच काय काय केलं. पुण्याला एका दुकानात कपड्यांच्या घड्या घातल्या, कसोलला एका कॅफेत भांडी घासली, एक पावसाळा नाशिकहून भाजीचा टेम्पो चालवला, आणि सात महिने गोराईला एका बंगल्यात पाहुण्यांच्या खोल्या सांभाळल्या. गोराईच्या बोटीवर एक म्हातारा होता, इंजिन सुरू करायच्या आधी तो त्याच्यावर हात ठेवून नुसता उभा राहायचा. मी विचारलं, काय करता? म्हणाला, गरम हाय का थंड ते बघतो, तू काय समजलीस, पाया पडतो? तुम्हाला आवडला असता. असो. मी आता अंधेरीला आईकडेच राहते, आणि रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांकडे जायचं काम करते. कंपनीचं नारिंगी जाकीट आहे, स्कूटर आहे, मागे पेटीत जंपर केबल, हवा भरायचा पंप, नटबोल्टचे चार पाने. फोनवर पत्ता येतो, मी जाते. बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते नाहीतर टायर बसलेला. लोक माझ्या मागे बघतात. "मेकॅनिक मागून येतोय का?" मी म्हणते, "नाही, पुढूनच आलाय."

काकूंकडे पहिल्यांदा गेले ती बोरीवलीला, त्यांच्या आईच्या बिल्डिंगखाली. काकू बावन्न-त्रेपन्नच्या. बँकेतून लवकर निवृत्ती घेतली आणि त्याच महिन्यात ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. त्यांच्या आईचे गुडघे गेलेत. म्हातारीला गाडीत बसायला दहा मिनिटं लागतात, आधी पाठ, मग एक पाय, मग थोडा दम, मग दुसरा पाय. कॅबवाला तेवढा थांबत नाही, रिक्षाची पायरी तिला चढवत नाही. म्हणून काकू गाडी शिकल्या. दर गुरुवारी मुलुंडहून लिंक रोडने बोरीवलीला जायचं, आईला बसवायचं, आणि कुठेही न्यायचं. कधी देवळात, कधी नुसतं आइस्क्रीम खायला. आठवड्यात म्हातारी घराबाहेर पडते ती एवढीच.

त्या दिवशी म्हातारी पुढच्या सीटवर बसूनच होती, मांडीवर पिशवी. काकू बाहेर उभ्या, घामाघूम. "अगं, सेल्फच घेत नाहीये. लाइट लागतात, हॉर्न वाजतो, आणि किल्ली फिरवली की काही नाही. टक् पण नाही. आणि आज गिअर पण जरा कुरकुरत होता बघ..." मी तोवर आत बसलेही होते. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात लागली. बंद केली, परत लावली, परत लागली. म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझा हात लागला म्हणून. हिच्या बापाला पण स्कूटर लागायची नाही, शेजाऱ्याला बोलवायला लागायचं." काकूंचा चेहरा बारीक झाला. मला म्हणाल्या, "पाणी घेतेस का?" गाडीच्या दारातल्या खणात त्यांची पाण्याची बाटली, तिच्यासोबत स्टीलचा पेला. गाडी आतून बघण्यासारखी होती. धुळीचा कण नाही, मॅट तर दुकानातून आत्ता आणल्यासारखी. मी पाणी प्यायले, काम संपवलं, निघाले.

दुसरी खेप मुलुंडलाच, त्यांच्या जुन्या बँकेसमोर. मी पोचले, किल्ली फिरवली, लागली. या वेळी मी थोडं तरी केलं. बॅटरीचे टर्मिनल घासले, अर्थिंगचा नट आवळला, फ्यूज बघितले. काकूंचे मिस्टर फोनवर होते, स्पीकर लावलेला. "बघ, त्यांनी लावली की लागते," ते म्हणाले. ओरडून नाही, अगदी शांतपणे. "मी लावली की लागते. वॉचमननं लावली तरी लागते. आता निष्कर्ष काय काढायचा ते तूच सांग." काकूंनी स्पीकर बंद केला. गाडी मध्यंतरी गॅरेजलाही जाऊन आली होती. दोन दिवस ठेवली, काही मिळालं नाही, धुऊन पुसून परत दिली. मी म्हटलं, "काकू, अर्थिंग थोडं ढिलं होतं, आता नाही होणार." त्यांनी माझा हात धरला. "नक्की ना? कारण हे म्हणतायत, विकून टाकू. रविवारी एक गिऱ्हाईक बघायला येतंय. म्हणतायत, तुला जमत नाही तर कशाला जिवाशी खेळ. आता परत बंद पडली तर माझ्याकडे बोलायलाच काही नाही. मग आईचं काय करू गं?" मी म्हटलं, "नक्की."

'नक्की' म्हणताना मला डॉक्टर आठवले. तुमचे ते मरोळचे दाताचे डॉक्टर. मी सोळाची आहे, शनिवार आहे, गाळ्यात उकडतंय. डॉक्टरांची गाडी चौथ्यांदा आली आहे, तेच दुखणं. तुम्ही जेवून हात धुवायला समोरच्या नळावर गेला आहात. मी सेल्फचा रिले काढते, नवा बसवते, सेल्फ मारते. लागते. परत मारते. लागते. डॉक्टर बाकावर पेपर वाचतायत, त्यांना मी ऐटीत सांगते, "झालं काका, रिले गेला होता." तुम्ही ओले हात पँटला पुसत येता आणि विचारता, "जुनो खंय?" मी कचऱ्याच्या डब्यातून जुना रिले काढून देते. तुम्ही तो फुंकता, परत बसवता, सेल्फ मारता. गाडी लागते. तुम्ही गावची भाषा एरवी फक्त घरात बोलायचात, गाळ्यात बोललात की समजायचं, आपली वाट लागली. "मगे? गावला काय तुका?" मी काढलेल्या नव्या रिलेकडे बघते. "गावूक नाय तर गावूक नाय म्हणान सांगाचा. जा, सांग तेंका." आणि मी गेले. बाकापर्यंत चार पावलं होती. म्हटलं, "डॉक्टर, मला सापडलं नाही, मी उगाच सांगितलं." डॉक्टर पेपर खाली करून म्हणाले, "बरं झालं बाई सांगितलंस. आमच्या धंद्यात असं कोणी म्हणत नाही."

पुढचे दोन दिवस सकाळी तुम्ही डॉक्टरांच्या घरी गेलात आणि त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून दवाखान्यापर्यंत गेलात. त्यांना सांगितलंत, रोज चालवता तशी चालवा, मी आहे हे विसरा. डॉक्टरीणबाई म्हणे आईला बाजारात म्हणाल्या, तुमचे मिस्टर आमच्याकडे पेशंटसारखे येऊन बसतात. दुसऱ्या दिवशी तुम्हाला सापडलं. दवाखान्याच्या फाटकाशी एक उंच गतिरोधक होता, तो ओलांडला की बॅटरीखालची एक वायर जागची हलायची. गाळ्यात गतिरोधक नव्हता, म्हणून गाळ्यात गाडी शहाण्यासारखी वागायची. तुम्ही ते मला सांगितलं नाहीत. मी ते डॉक्टरांकडून ऐकलं. तुमचा राग तसा लांब चालायचा.

पुढच्या वर्षी मी बारावीला नापास झाले त्या दिवशी तुम्ही मला वायरीत करंट येतो का ते बघायचा टेस्ट लॅम्प दिलात, हेही याच्याबरोबरच आठवतं, का ते माहीत नाही. स्क्रू ड्रायव्हरची पारदर्शक पिवळी मूठ, आत इंडिकेटरचा बल्ब, हातभर लाल वायर, शेवटी चिमटा. घरी बनवलेला. आई स्वयंपाकघरात रडत होती, कांदा चिरत असल्यासारखं करून. तुम्ही तो ओट्यावर ठेवलात आणि म्हणालात, "बल्ब गेलो तर बदल." निकालाबद्दल एक अक्षर नाही. तो लॅम्प माझ्याकडे नाही आता. एवढ्या जागा बदलल्या, कुठल्या तरी खोलीत राहिला. कुठल्या, ते सांगता यायचं नाही. तुमचा गाळाही आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. मी एकदा तिथून एक कव्हर घेतलं, निळं. काही वाटलं नाही. म्हणजे वाटेल म्हणून गेले होते, पण कव्हर बरं होतं आणि मी निघाले.

तर या गुरुवारी तिसरा फोन. मुलुंडची भाजी गल्ली. काकू आईकडे निघाल्या होत्या, वाटेत फळं घ्यायला थांबल्या आणि गाडी लागली नाही. कंपनीने त्यांना सांगितलं, माणूस पस्तीस मिनिटांत येईल. मी होते भांडुपला, एक काम रद्द झालं म्हणून वडापाव खात उभी. दहा मिनिटांत पोचले. गाडी समोरच्या बाजूला होती आणि मध्ये दुभाजक, म्हणून स्कूटर अलीकडेच लावली, आणि रस्ता मोकळा व्हायची वाट बघत उभी राहिले.

काकूंना मी दिसले नव्हते. त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, वाकल्या, आणि पायाखालून एक सतरंजी ओढून काढली. जुनी, लाल-निळ्या पट्ट्यांची, मधून कापून कडेला शिवलेली. गॅलरीत झटकतात तशी ती दोनदा झटकली. एक भाजीवाली ओरडली, "ओ बाई, मेथीवर धूळ!" काकू तिला सॉरी म्हणाल्या, सतरंजीची नीट चौघडी केली, डिकीत ठेवली. मग फडक्याने स्टिअरिंग पुसलं, खालची मॅट हाताने सरळ केली, पाण्याची बाटली आणि पेला जागेवर लावला. आणि केस सारखे करून मेकॅनिकची वाट बघत उभ्या राहिल्या. आपल्याकडे कोणी येणार म्हटलं की घर आवरतात ना, तसं. गॅस दुरुस्त करायला माणूस येणार म्हणून आई आधी गॅस घासून ठेवते, आणि मग त्या माणसाला विचारते, वास कुठून येतोय.

मी रस्ता ओलांडला. "काकू, ती सतरंजी परत घाला."

"अगंबाई, आलीस पण? कुठली सतरंजी? छे, धूळ आहे तिच्यात, तुला बसायचंय ना."

"मी नाही बसत. तुम्ही बसा."

"मी बसले की लागत नाही ना गं!"

"म्हणूनच. आणि सतरंजी होती तशी घाला, घडी करून नाही. बंद पडली तेव्हा जशी होती तशी."

त्या माझ्याकडे, डॉक्टर बघायचे तुमच्याकडे, तशा बघत राहिल्या. मग डिकीतून सतरंजी काढून घातली. "चालवताना पुढे सरकते ती," म्हणाल्या आणि पायाने थोडी पुढे लोटली. बसल्या. क्लच दाबला, किल्ली फिरवली. दिवे लागले. बाकी काही नाही. टक् पण नाही. माझ्या पोटात, खरं सांगते, असं झकास वाटलं की काकूंचा चेहरा बघून मला लाज वाटली. मी खाली वाकून त्यांच्या पायाशी डोकं घातलं. या गाडीला क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, पेडलपाशी एक छोटा स्विच असतो, त्याला पेडल टेकलं पाहिजे. सतरंजीचा गोळा पेडलखाली जमला होता आणि पेडल बोटभर आधीच अडत होतं, गिअर कुरकुरायचा तोही त्यानेच. मी तो गोळा ओढला. "आता मारा." गाडी लागली. परत लोटला, नाही लागली. ओढला, लागली. चार वेळा केलं. भाजीवाली गिऱ्हाईक सोडून बघत होती.

सकाळी घरून निघताना काकू सतरंजी झटकून सरळ घालायच्या, म्हणून घरी गाडी कायम लागायची. रविवारी मिस्टर चालवायचे, त्यांना ती पायाखाली नको असायची, म्हणून काढून ठेवायच्या. गॅरेजला द्यायच्या आधी काढायच्या. मी यायच्या आधी काढायच्या. सतरंजी कशासाठी, तर खालची चांगली मॅट खराब होऊ नये म्हणून. राहिलेला अर्धा तुकडा घरी कुंड्यांखाली आहे, हेही त्यांनी सांगितलं.

"म्हणजे बॅटरी नाही?"

"नाही."

"ते तू आवळलंस ते?"

"ते पण नाही."

त्या स्टिअरिंग धरून बसून राहिल्या. "म्हणजे मीच," म्हणाल्या. "दीड वर्ष हे म्हणतायत तुला जमत नाही, आणि मीच."

मी म्हटलं, "काकू, चालवण्यात काही चूक नाही तुमची. सतरंजी काढा, विषय संपला."

"ते तुला कळतं. आमच्याकडे सतरंजी म्हटलं की झालं. दिवाळीला दीर-जावा येतील, पुरी तोंडात घालायच्या आधी सुरू होईल. सतरंजीवाली ड्रायव्हर. मी परत चावी हातात घेतली की कोणीतरी हसणार, आणि मग मीच म्हणेन, जाऊ दे, विका." तेवढ्यात मिस्टरांचा फोन वाजला. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला आणि हळूच म्हणाल्या, "त्यांना सांगू नकोस ना."

तुम्ही काय केलं असतंत ते मला माहीत आहे. बाकापर्यंत चार पावलं. जे सापडलं ते सांगायचं, नाही सापडलं तर तसं. मी फोन घेतला. "काका, क्लचपाशी सेल्फचा स्विच असतो, तो नीट टेकत नव्हता. आता टेकतोय. पाच-सहा वेळा लावून बघितली." ते म्हणाले, "बघा! मी पहिल्यापासून म्हणतोय, इलेक्ट्रिकलचा फॉल्ट आहे." काकूंनी तोंडावर पदर धरला. मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं." ते म्हणाले, "मग आता विश्वासाची झाली म्हणायची. रविवारी येणाऱ्याला नाही म्हणून कळवतो, चांगली गाडी उगाच कशाला द्या." काकू म्हणाल्या, "आई खिडकीत बसली असेल," आणि गेल्या. सतरंजी त्यांनी भाजीवालीला दिली. तिने ती मेथीखाली घातली.

यात खोटं एकही वाक्य नाही. अर्धं आहे फक्त. अर्धं सांगितलेलं तुमच्या हिशेबात कशात जातं ते मला ठरवता येत नाही, आणि तुम्हाला विचारायची सोय नाही. मला वाटलं होतं, हे लिहिता लिहिता कळेल. नाही कळलं. हे पाठवायचं तर नाहीच आहे, म्हणून राहिलेलंही लिहून टाकते.

काम संपलं की आम्हाला फोनमध्ये कारण भरावं लागतं. यादी येते, त्यातलं एक निवडायचं. बॅटरी, टायर, इंधन, वायरिंग, चालकाची चूक, इतर. गुरुवारी मी 'इतर' निवडलं. त्याच्याखाली लिहायला जागा असते, ती रिकामी ठेवली. पण पहिल्या दोन खेपांना मी 'चालकाची चूक' निवडलं होतं. काही सापडलं नसताना. कारण ते निवडलं की पुढे प्रश्न येत नाहीत, काम लगेच बंद होतं. पहिल्या वेळी तर काकू गिअरचं काहीतरी सांगतच होत्या. एका हातात त्यांनी दिलेला पेला होता, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मी ते निवडलं. काल उघडून बघितलं, बदलता येतं का. एकदा भरलेलं बदलता येत नाही.